आधी भराव बघा, मग पूल

नदीवर मोठा पूल मंजूर झाला की गावात चर्चा सुरू होते ती गाळ्यांची आणि कोटींची. किती गाळे, खांब किती उंच, भूमिपूजनाला कोण येणार. पर्यावरणाची काळजी असणारी मंडळीही बहुधा पाण्यातल्या खांबांकडेच बोट दाखवतात. पण नीट आखलेल्या पुलाचे खांब नदीचं फारसं वाकडं करत नाहीत. पुराच्या वेळच्या पात्राचा लहानसा हिस्सा ते अडवतात. खरा प्रश्न असतो तो पुलापर्यंत येणाऱ्या जोडरस्त्याच्या भरावाचा. दुसरा प्रश्न, बांधकामाच्या दोन-तीन उन्हाळ्यांत ‘तात्पुरतं’ म्हणून नदीत जे काही टाकलं जातं त्याचा. परिणामांच्या अहवालात नेमकी याच दोन गोष्टींना सगळ्यांत कमी पानं मिळतात.

अशा पुलाचा परिणाम स्वतः तपासून पाहायचा असेल तर कुठून सुरुवात करायची आणि काय विचारायचं, ते इथे क्रमाने सांगतो. ग्रामपंचायतीचे सदस्य, मच्छीमार सोसायटीचे पदाधिकारी, शाळा-कॉलेजातले शिक्षक आणि नुकतेच नोकरीला लागलेले स्थापत्य अभियंते डोळ्यांसमोर आहेत. उदाहरणं मुख्यतः कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातली आणि कोकणातल्या खाड्यांवरची आहेत. महाराष्ट्रात पुलांचे वाद आज या दोन ठिकाणी सर्वांत जास्त पेटतात.

पहिलं काम : कागद

वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या रंगीत चित्राचा काही उपयोग नाही. तुम्हाला चार कागद लागतात. पहिला, जोडरस्त्यांसह संपूर्ण आखणीचा नकाशा. दुसरा, पुलाचा सर्वसाधारण आराखडा. बांधकाम खात्यात त्याला सरसकट ‘जीएडी’ म्हणतात. तिसरा, जलशास्त्रीय अहवाल. पूर किती घनमीटरचा धरला आणि पाण्याला वाट किती ठेवली, हे त्यात असतं. चौथा, भूस्तर तपासणीचा अहवाल. खात्याकडे तोंडी मागून बघा. नाही मिळाले तर माहिती अधिकारात अर्ज टाका. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, त्यामुळे हा अर्ज सगळ्यांत आधी गेला पाहिजे. पर्यावरण, वन किंवा किनारा नियमनाच्या मंजुरीसाठी प्रस्ताव गेला असेल तर केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर बरीच कागदपत्रं फुकट वाचायला मिळतात.

जीएडी हातात आला की घाबरू नका. त्यात पाच गोष्टी शोधा : नदीचा तळ, उच्चतम पूरपातळी, तुळईची खालची कड, दोन्ही टोकांच्या आधारभिंतींमधलं अंतर, आणि त्या भिंतींपलीकडे रस्ता किती लांब व किती उंच भरावावरून जातो. शेवटची गोष्ट बऱ्याचदा आराखड्याच्या कडेला तुटक रेघेने संपवलेली असते. म्हणूनच पहिला नकाशा हवा.

मंजुरी कुठली लागते

इथे मोठी गंमत आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत कोणकोणत्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी हवी याची यादी आहे. धरणं, खाणी, बंदरं, विमानतळ, महामार्ग सगळे आहेत. ‘पूल’ नावाची स्वतंत्र नोंद मात्र नाही. पूल जर नव्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग असेल तर तो त्या महामार्गाबरोबर तपासला जातो, आणि अशा तपासणीत पूल म्हणजे दोनशे पानांतली दोन पानं. सुटा पूल असेल तर तो बहुतेक वेळा या यादीतून निसटतो.

निसटू नये यासाठी एक आधार आहे. दिल्लीत यमुनेवरच्या सिग्नेचर ब्रिजच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये असं मत दिलं की, दीड लाख चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राचा पूल हा क्षेत्रविकास प्रकल्पात मोडतो आणि त्याला पर्यावरण मंजुरी लागते. तालुक्याच्या ठिकाणचा साधा पूल त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. तरी पूल, उड्डाणमार्ग आणि जोडरस्ते मिळून एकच काम असेल तर त्याची बेरीज करून बघा. कामाचे तुकडे पाडून निविदा काढल्या असतील तर तेही लिहून ठेवा.

खाडीवर गोष्ट वेगळी होते. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ, जयगड अशा खाडीपुलांची मालिका आखलेली आहे. अशा प्रत्येक जागी २०१९ ची किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना लागू होते. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर तिचा अंमल. ही हद्द ठरवताना वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याचा खारेपणा हजारात ५ भाग कुठवर आहे ते बघतात. कांदळवन, भरती-ओहोटीमधली चिखलाची पट्टी आणि खाडीचं पाणी यांचे वर्ग वेगवेगळे आहेत, आणि प्रकल्पाला १:४००० प्रमाणाच्या नकाशावर हे सगळं दाखवावं लागतं. तो नकाशा मागा. कांदळवनाचा पट्टा १,००० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर त्याच्याभोवतीची ५० मीटर जागासुद्धा राखीव धरतात, आणि सार्वजनिक कामासाठी कांदळवनातून रस्ता न्यायचाच झाला तर बाधित क्षेत्राच्या किमान तिप्पट कांदळलागवड करावी लागते. याशिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालामुळे राज्यात कांदळवन तोडायचं तर काम लोकहिताचं आहे हे न्यायालयापुढे सिद्ध करावं लागतं.

आतल्या नद्यांना असं संरक्षण उरलेलं नाही. नदीकाठच्या उद्योगांवर बंधनं घालणारं राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ मध्ये रद्द झालं. तिथे तुमच्या हातात राहतात ती जलसंपदा विभागाची पूररेषा, वनजमीन असेल तर वन कायदा, आणि अभयारण्य जवळ असेल तर वन्यजीव कायदा.

पुराची रेघ पायी चालून बघा

जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोन्ही रेषा पुलाच्या नकाशावर चढवल्या आहेत का, हा पहिला प्रश्न. बऱ्याच आराखड्यांत उच्चतम पूरपातळी म्हणून एकच आकडा दिलेला असतो आणि तो कुठल्या सालचा हे लिहिलेलं नसतं. सांगली-कोल्हापूरकडे तो आकडा २००५ पूर्वीचा असेल तर आराखडा बाजूला ठेवून द्या.

मग गावात फिरा. देवळाच्या दगडावर, तालमीच्या भिंतीवर, शाळेच्या व्हरांड्यात पुराच्या खुणा असतात. सांगलीत १९२९ सालचा आयर्विन पूल आहे; सगळा जिल्हा पुराचं पाणी त्याच्याच पट्टीवर फुटांत मोजतो. कोल्हापुरात तेच काम राजाराम बंधारा करतो : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी तिथलं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. लोकांच्या तोंडी असलेल्या या पातळ्या आणि आराखड्यातली पातळी यांचा मेळ घालणं हे खरं काम. फुटांचे मीटर करायचे, स्थानिक पट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे ते पाटबंधारे कार्यालयातून घ्यायचं, आणि जवळच्या पॉलिटेक्निकमधल्या मुलांकडून ऑटो लेव्हल लावून दोन-तीन खुणा मोजून घ्यायच्या. मोबाइलवर दिसणाऱ्या उंचीवर विसंबू नका. तिच्यात काही मीटरांची चूक सहज असते आणि इथे भांडण अर्ध्या मीटरचं असतं.

चालताना ओढे बघा. पूर नेहमी मुख्य पात्रातूनच येतो असं नाही. पाणी आधी ओढ्यातून उलटं चढतं, मळीच्या जमिनीत पसरतं आणि पाणंदीतून गावात शिरतं. भराव जिथे हे ओढे ओलांडतो तिथे मोऱ्या आहेत का, किती रुंद आहेत, आणि ओढ्याच्या दिशेत आहेत की ठेकेदाराच्या सोयीच्या जागी? अनेक जुन्या रस्त्यांवर मोरी असते एकीकडे आणि ओढा दुसरीकडे. हे उन्हाळ्यात कळत नाही. एक चक्कर जुलैत हवीच.

पुणे-बंगळूर महामार्गावर कोल्हापूरच्या तोंडाशी, शिरोलीजवळ, हाच वाद आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत महामार्ग तिथे पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली. पंचगंगेच्या पूरमैदानातून जाणारा रस्त्याचा भराव पाणी अडवतो, भरावाच्या जागी खांबांवरचा रस्ता करा, ही आसपासच्या गावांची जुनी मागणी. मला ती रास्त वाटते. पण एक गोष्ट तिला जोडून सांगायला हवी : महापुराचं सगळं खापर भरावावर फोडलं की समोरचा अभियंता सुटतो. तो धरणांतून सोडलेलं पाणी दाखवतो, पाऊस दाखवतो, अलमट्टी दाखवतो, आणि त्याचं काही अंशी खरंही असतं. म्हणून विचारायचं ते एवढंच : या भरावामुळे पातळी किती सेंटिमीटरने चढते आणि पाणी उतरायला किती तास जास्त लागतात? दुसरा भाग विसरू नका. ऊस पाण्याखाली किती दिवस राहिला यावर तो जगणार की कुजणार हे ठरतं.

कागद-पेन्सिलीचं गणित

अहवालात संगणकाची मॉडेलं असतील. त्यांच्याशी झुंजण्याआधी हाताने दोन हिशेब करून बघा.

पहिला पाण्याच्या वाटेचा. अभियंते पुलाची लांबी ठरवताना बऱ्याचदा लेसीचं सूत्र वापरतात : पुराच्या प्रवाहाचं वर्गमूळ काढा, त्याला ४.८ ने गुणा. पूर सेकंदाला ४,००० घनमीटरचा असेल तर उत्तर येतं सुमारे ३०४ मीटर. हे सूत्र जेराल्ड लेसी यांनी १९३० च्या सुमारास गाळाच्या जमिनीतल्या कालव्यांच्या अभ्यासातून मांडलं. ज्या नदीला पक्के काठ नाहीत, जी आपलं पात्र स्वतः घडवते, तिच्यासाठी ते ठीक. दख्खनच्या नद्यांना बहुतेक ठिकाणी पक्के काठ आहेत, आणि महापुरात त्या काठ सोडून किलोमीटरभर पसरतात. अशा जागी ३०४ मीटर हा आकडा मुख्य पात्रापुरता. पूरमैदानातून वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब त्यात नाही. तेव्हा विचारा, सूत्र कुठलं वापरलं आणि का.

दुसरा हिशेब फुगवट्याचा. त्यासाठी मोल्सवर्थचं सूत्र जुनं पण हाताशी ठेवण्याजोगं आहे. अडथळा येण्यापूर्वीच्या वेगाचा (मीटर प्रति सेकंद) वर्ग करा, त्याला १७.८८ ने भागा, त्यात ०.०१५ मिळवा. ही झाली पहिली संख्या. मग पुराच्या मूळ छेदाच्या क्षेत्रफळाला पुलाखाली उरलेल्या क्षेत्रफळाने भागा, त्याचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा. ही दुसरी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पाण्याची चढ, मीटरमध्ये.

वेग १.५ मीटर धरू. पुलाने आणि भरावाने मिळून पाण्याची २० टक्के वाट अडवली तर चढ येते साधारण ८ सेंटिमीटर. निम्मी वाट अडवली तर ४२ सेंटिमीटर. अडथळा अडीच पट झाला आणि फुगवटा पाचपट. ‘थोडा भराव वाढवला, काय बिघडलं?’ या प्रश्नाला हे उत्तर आहे. शिवाय सपाट मुलखात, जिथे नदीचा उतार ५,००० मीटरला १ मीटर आहे तिथे, ४२ सेंटिमीटरची चढ वरच्या अंगाला किमान दोन किलोमीटर जाणवते. तेवढ्या टप्प्यात किती घरं आहेत, ती मोजा. हे ढोबळ गणित आहे, न्यायालयात टिकणार नाही; पण अहवालातला आकडा याच्या जवळपासही नसेल तर का नाही, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला त्यातून मिळतो.

पुलाखाली दाटीने वाहणारं पाणी वेगही पकडतं. तो वेग तळ खरवडतो आणि पुलाच्या खालच्या अंगाचे काठ ढासळवतो. वरच्या गावाला फुगवटा, खालच्या गावाला धूप. सुनावणीला बहुधा वरचंच गाव येतं.

एक पूल एकटा कधीच नसतो. जुना पूल तसाच ठेवून शेजारी नवा बांधतात, मग पाइपलाइनचा पूल, थोड्या अंतरावर कोल्हापुरी बंधारा. प्रत्येकाचा स्वतंत्र अहवाल ‘परिणाम नगण्य’ म्हणतो. महाडला सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. असं तातडीचं काम असेल तेव्हा सगळ्या अडथळ्यांचा एकत्र विचार करायला वेळ नसतो. नियोजित पुलाला मात्र ही सबब चालत नाही. वर-खाली पाच किलोमीटरमधल्या प्रत्येक बांधकामाची यादी करून ती अहवालाला जोडायला लावा.

खाडीत पाणी दोन्ही दिशांनी वाहतं

नदीचा हिशेब खाडीला लावून चालत नाही. भरतीचं पाणी आत जातं, ओहोटीला बाहेर येतं, आणि त्या जा-ये करण्यातूनच खाडीचं तोंड गाळापासून मोकळं राहतं. भरावाने खाडीची आतली पसरट जागा कमी केली की आत मावणारं पाणी कमी होतं, ओहोटीचा जोर उतरतो आणि मुखाशी वाळूचा दांडा वाढायला लागतो. होड्या बाहेर काढायला भरतीची वाट बघावी लागते ती त्यामुळे. तपासणी उधाणाच्या दिवशी व्हावी, भांगाच्या नव्हे. अहवालात मोजणीची तारीख दिली असेल तर तिथी पंचांगात बघून घ्या.

कांदळवनाच्या बाबतीत ‘किती झाडं तोडणार’ हा आकडा सगळे विचारतात. त्याहून मोठा आकडा असतो ज्या झाडांचं पाणी तुटणार त्यांचा. भरावाच्या आतल्या बाजूला अडकलेली तिवरं, चिपी उभ्या उभ्या वाळतात. ती तोडलेल्या झाडांत मोजली जात नाहीत आणि तिप्पट लागवडीच्या हिशेबातही येत नाहीत. यावर उपाय तोच : चिखलपट्टीवरून भराव न टाकता रस्ता खांबांवर न्यायचा. खर्च वाढतो, हे खरं. किती वाढतो ते मांडायला लावा, म्हणजे निर्णय उघड्यावर होईल. खारभूमीचे बांध आणि उघाड्या भरावाच्या आड येतात का, तेही याच वेळी बघून घ्यावं.

नदीचं कॅलेंडर

नदीत पायाचं काम साधारण नोव्हेंबर ते मे चालतं, कारण पावसाळ्यात शक्यच नसतं. आता हे कॅलेंडर नदीत राहणाऱ्यांच्या कॅलेंडरशेजारी ठेवून बघा. कृष्णेत, वशिष्ठीत, सावित्रीत मगरी आहेत. मगर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काठच्या वाळूत किंवा मातीत खड्डा करून अंडी घालते आणि उन्हाळ्याच्या शेवटी पिल्लं बाहेर येतात. टिटवी आणि नदीसुरय उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर, गोट्यांत अंडी घालतात. खाड्यांमध्ये पाहुणे पक्षी हिवाळाभर चिखलपट्ट्यांवर चरतात. शिवडीच्या रोहितांमुळे मुंबईतल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूच्या वेळी हा प्रश्न देशभर गाजला. आणि पावसाळ्याच्या पहिल्या पाण्याबरोबर मासे अंडी घालायला वर चढतात. त्या वेळी पात्रात ठेकेदाराचा मुरमाचा रस्ता आडवा पडलेला असेल तर त्यांची वाटच बंद.

म्हणजे कामाला पूर्ण मोकळा असा महिना नाहीच. मग करायचं काय? जागेनुसार वाटणी. ज्या काठावर मगरींची घरटी आहेत तिथलं काम नोव्हेंबर-डिसेंबरात उरकायचं, वाळूच्या बेटाजवळचे खांब अंडी घालण्याआधी घ्यायचे, मधल्या पात्रातलं काम उन्हाळ्यात. असं खांबनिहाय वेळापत्रक अहवालात असायला हवं. ते तयार करायला जीवशास्त्रज्ञाइतकाच गावातला भोई आणि कोळी लागतो. मगर कुठे उन्हाला पडते, पाणमांजरं कुठल्या डोहात दिसतात, तिसऱ्या कुठल्या पट्टीत मिळतात, हे त्याच्याकडून नकाशावर खुणा करून घ्या. अहवालातल्या प्रजातींच्या यादीत नुसती नावं असतात. जागा आणि महिना नसलेली यादी निरुपयोगी आहे.

इथेच एक नियमाची अडचण लक्षात घ्या. अशा अहवालांसाठी मूळ स्थितीची मोजणी सहसा एका ऋतूची, म्हणजे तीन महिन्यांची असते आणि तीही पावसाळा सोडून. हवा आणि धुळीसाठी ते चालून जाईल. नदीसाठी मात्र तिचा मुख्य ऋतूच गाळला जातो. पावसाळ्यातली मोजणी जोडून द्या ही मागणी लेखी द्या. ती मान्य करायला नियम आड येत नाही.

‘तात्पुरतं’ काय काय

क्रेन आणि ड्रिलिंगची यंत्रं पात्रात न्यायला मुरूम टाकून वाट करतात. या वाटेखाली पाइप किती घालणार, ती कधी काढणार, काढलेला मुरूम कुठे नेणार? मंजुरीच्या अटीत ‘३१ मेपूर्वी पूर्णपणे काढावी’ असं तारखेसकट आलं पाहिजे. नाहीतर जूनचं पाणी ती वाट फोडतं, मुरूम खालच्या डोहात जाऊन बसतो आणि कागदोपत्री ‘काढला’ अशी नोंद होते.

पाइल खोदताना भोक ढासळू नये म्हणून बेंटोनाइटचा राडा वापरतात. ही अतिशय बारीक माती आहे. पात्रात सुटली तर कालवं, तिसऱ्या यांसारख्या पाणी गाळून खाणाऱ्या जिवांना गुदमरवते. टाक्या काठावर किती अंतरावर, राडा पुन्हा वापरणार की फेकणार, हे विचारा. काँक्रीट मिसळणाऱ्या प्लांटचं धुण्याचं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ च्या आसपास जातो; ते नाल्यात सोडलं की मासे मरतात आणि ठपका साखर कारखान्यावर येतो. पाइल हातोड्याने ठोकणार की फिरत्या यंत्राने खोदणार, हेही महत्त्वाचं. ठोकण्याचा आवाज पाण्यातून लांबवर जातो. जिथे पर्याय आहे तिथे खोदाईच मागावी.

गर्डर ओतायचं यार्ड, कामगारांची वस्ती आणि मातीची खाण यांचे परिणाम पुलाच्या नकाशाबाहेर पडतात म्हणून अहवालाबाहेरही पडतात. भरावाला लागणारी माती कुठल्या टेकडीतून येणार? घनमीटरचा आकडा आराखड्यातून काढता येतो. एका डंपरमध्ये किती माती मावते त्याने भागा, म्हणजे गावातल्या शाळेसमोरून किती फेऱ्या होणार ते कळेल.

माणसांचा हिशेब

पूल नको असं म्हणणारी गावं फार थोडी. तरीवर अवलंबून असलेल्या माणसाला रात्री अडलेली बाई दवाखान्यात न्यायची असते. ही बाजू अहवालात यायलाच हवी आणि ती आकड्यांनीच यावी : किती किलोमीटर वाचले, किती वेळ वाचला. त्याचबरोबर तर चालवणाऱ्याचं काय, जेट्टीवरच्या चहावाल्याचं काय, बांधकामाच्या काळात जाळं टाकायला मज्जाव झालेल्या होडीवाल्याचं काय? सोसायटीच्या यादीत नाव नसलेली, ओहोटीला चिखलात तिसऱ्या वेचणारी बाई कुठल्याच भरपाईच्या यादीत सापडत नाही. तिची नोंद गावानेच आधी करून ठेवावी : नाव, जागा, महिने, अंदाजे कमाई. सुनावणीच्या दिवशी ती आठवून चालत नाही.

पर्यायांच्या प्रकरणाकडे बारकाईने बघा. तीन जागांचे पर्याय देतात आणि त्यांतले दोन मुद्दाम वाईट निवडलेले असतात. मी त्या ठिकाणी एकच प्रश्न विचारतो : याच जागेवर, याच रस्त्यासाठी, भराव निम्मा करून गाळे वाढवले तर? हा पर्याय तपासलाच नसेल तर प्रकरण अपुरं आहे.

सुनावणी आणि त्यानंतर

पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या ज्या प्रकल्पांना जनसुनावणी आहे, त्यांत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान ३० दिवसांची जाहीर सूचना देऊन सुनावणी भरवतं आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी वाचायला ठेवतात आणि सारांश मराठीत मिळतो. सारांशावर समाधान मानू नका. फुगवट्याचा तक्ता सारांशात नसतो. भाषण थोडकं करा, पण मुद्दे लिहून, पानाचा क्रमांक देऊन, पोच घेऊन द्या. तोंडी भावना इतिवृत्तात ‘ग्रामस्थांनी चिंता व्यक्त केली’ एवढ्या ओळीत मावतात. ‘पान ८७ वर पूरपातळी अमुक, शाळेच्या भिंतीवरची खूण तमुक, फरक १.१ मीटर’ हे वाक्य तसं मावत नाही.

मंजुरी मिळाली आणि ती चुकीची वाटली तर राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. पुरेसं कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. अटींच्या पालनाचा अहवाल प्रकल्पवाल्यांना दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. तो वाचणारं गावात कुणीतरी हवं.

पूल उभा राहिला की पहिल्याच पावसाळ्याआधी भरावाच्या दोन्ही अंगांना, एखाद्या मोरीच्या तोंडाशी, रंगाने पट्ट्या आखून घ्या, दोन्हींचं शून्य ऑटो लेव्हलने एकाच पातळीला जुळवलेलं. पुराच्या दिवसांत दर तीन तासांनी दोन्हीकडची पातळी एकाच वेळी वहीत उतरवायची, मोबाइलवर तारीख-वेळेसकट फोटो काढायचा. वरच्या आणि खालच्या पट्टीतला फरक अहवालातल्या फुगवट्यापेक्षा जास्त निघाला तर ती वही, फोटो आणि अहवालाचं ते पान एकत्र जोडून कार्यकारी अभियंत्यांना आणि मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला पाठवा आणि भरावात नेमक्या कुठल्या ठिकाणी किती रुंदीचे नवे गाळे हवेत ते त्याच पत्रात मागा.